ग्रेसचे दोन

मी माझ्या वडिलांच्या दुखण्यात दर वेळी दोन मिळवत होते. ते तीन म्हणाले की मी पाच लिहायची, चार म्हणाले की सहा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं, आणि माझ्याविषयी कुणाचा उगाच चांगला समज व्हायला नको.

बाबांना चार वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. या वर्षी तो कंबरेच्या हाडांत उतरला. बरं होण्याचा विषय डॉक्टरांनी हळूहळू बोलण्यातून काढून टाकला आणि त्या जागी दुखण्याचा विषय आला. त्याच सुमारास हॉस्पिटलात एक अभ्यास सुरू झाला होता. कॅन्सरच्या माणसांचं दुखणं घरच्या घरी नीट कसं सांभाळायचं, याचा. त्यात माणसांचे दोन गट केले होते, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे. एका गटाने नेहमीसारखं पंधरा दिवसांनी तपासायला यायचं आणि तेव्हा औषध कमीजास्त व्हायचं. दुसऱ्या गटाला एक पिवळी वही मिळायची. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हा आकडा सकाळ, दुपार, संध्याकाळ वहीत लिहायचा आणि रोज फोनवर सिस्टरला वाचून दाखवायचा. दर तिसऱ्या दिवशी ते आकडे बघून मॉर्फिनची मात्रा ठरायची. पाचच्या खाली असेल तर आहे तेवढीच. पाच-सहा असेल तर थोडी वाढ. सात किंवा त्याच्या वर गेलं तर सरळ निम्म्याने वाढ. आम्ही वहीच्या गटात पडलो.

'आम्ही' म्हणते, कारण बाबांचा हात कापायचा आणि लिहायचं काम माझ्याकडे होतं. वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं: आकडा रुग्णानेच सांगावा. इतर कोणी अंदाजाने लिहू नये. सिस्टरने माझ्यासमोर त्या ओळीखाली पेनने रेघ मारली. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

दादाला मात्र हे पसंत नव्हतं. तो परगावी असतो, म्हणजे त्याला सगळ्यावर मत असतं. "बाबांवर प्रयोग करतायत आणि तू करू देतेस?" तो फोनवर म्हणाला.

"सही बाबांनी केलीय. तुला एवढंच वाटत असेल तर ये आणि रोज त्यांची कूस बदल."

त्यानंतर आठ दिवस त्याने विषय काढला नाही.

मला खरं म्हणजे त्या अभ्यासाशी काही देणंघेणं नव्हतं. मला हवा होता तो वहीच्या मागच्या पानावर हिरव्या शाईत छापलेला फोन नंबर. कधीही लावा, पलीकडे कुणीतरी उचलायचं, आणि त्या कुणालातरी बाबा माहीत असायचे. आधीचे अकरा महिने आम्हाला असं कुणी नव्हतं. मी दवाखान्यात फोन करायची तेव्हा एक बाई दर वेळी पेशंटचं नाव, वय आणि आजार विचारायची आणि मग म्हणायची, उद्या घेऊन या. उठता येत नसलेल्या माणसाला कुठे घेऊन या? तो हिरवा नंबर हातातून जाईल याची मला सतत धास्ती असायची. आणि तो एका चुकीच्या आकड्याने जाऊ शकतो हे मला पक्कं ठाऊक होतं, निदान मी तसं धरून चालले होते.

तरीही मी दोन मिळवले, आणि त्याला कारण होते बाबाच.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. पोरं त्यांना 'अर्धे सर' म्हणायची, कारण ते कुठून ना कुठून अर्धा मार्क कापायचेच. पैकीच्या पैकी मिळवणारा अजून जन्मायचाय, असं म्हणायचे. मी दोन वर्षं त्यांच्या वर्गात होते. एकदा माझी सगळी गणितं बरोबर आली, तर समास वाकडा आखला म्हणून अर्धा कापला, आणि घरी जेवताना वर विचारलं, "पट्टी हरवली होती का?" आई त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नव्हती.

असा माणूस स्वतःच्या दुखण्याला काय मार्क देणार?

पहिल्या दिवशी मी वही उघडून बसले. "बाबा, किती?"

ते पलंगावर एका कुशीवर होते. वरच्या ओठावर घाम होता. उशीचा कोपरा ओला होता, कारण तो ते दातांत धरत होते आणि मी आले की सोडत होते. बराच विचार करून म्हणाले, "तीन."

"तीन? कालपासून कूस बदलता आलेली नाही तुम्हाला."

"मग? कंबर मोडलीय का? मोडली की सांगतो सात."

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोरच्या पाटीवरची खालची ओळ दिसत नसताना पाठ करून म्हणणारी माणसं मी रोज पाहते. त्यांना चष्मा नको असतो असं नाही. त्यांना नापास व्हायचं नसतं. अशांना कसं पकडायचं ते मला येतं, त्यामुळे बाबांनाही मी पकडलं असं मला वाटलं. अर्धे सरांचे तीन म्हणजे इतरांचे पाच. मी पाच लिहिले. हात जरासुद्धा कापला नाही.

तिसऱ्या दिवशी औषध वाढलं. चौथ्या दिवशी बाबा सलग चार तास झोपले. उठून वर्तमानपत्र मागितलं, त्यातलं आकड्यांचं कोडं सोडवलं आणि ते तयार करणाऱ्याला नावं ठेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, मग तोंड धुऊन स्वतःलाच शाबासकी दिली. सिस्टरला जे कळलं नाही, डॉक्टरांना कळलं नाही, ते मला कळलं होतं! अंगाशी येणाऱ्या गोष्टी सुरुवातीला अशाच गोड लागतात.

भीती मात्र पहिल्या दिवसापासून होती. ती मॉर्फिनची तपकिरी बाटली मला बघवत नसे. बिनसुईच्या सिरिंजमध्ये औषध ओढायचं, खिडकीशी धरून रेघ बघायची, परत बघायची, चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघायची. सिस्टरने सांगून ठेवलं होतं: हे औषध चांगलं आहे, पण जास्त झालं तर माणूस झोपत जातो आणि श्वास मंदावतो. शंका आली की घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दहाच्या खाली गेले तर फोन. आठच्या खाली गेले तर क्षणभरही थांबू नका. मी ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं आणि शंका असो नसो, रोज मोजायला लागले. बाबा वर्तमानपत्र वाचत असले तरी मी दारात उभी राहून मोजायची. ते पेपर खाली करून म्हणायचे, "आहे अजून. जा कामाला."

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी मी दुकानात असताना सिस्टर घरी येऊन गेली. शेजारच्या काकूंकडे आमची किल्ली असते, त्यांनी दार उघडलं. संध्याकाळी काकू म्हणाल्या, "बराच वेळ बसली होती गं. दोघांचं काहीतरी चाललं होतं, सर चक्क हसत होते."

"काय म्हणाल्या सिस्टर?" मी बाबांना विचारलं.

"नेहमीचंच."

मी खोदून विचारायला हवं होतं. पण मी दिवसभर उभी होते, पाय दुखत होते, आणि आमच्या घरात एका प्रश्नाला एकच उत्तर मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली आणि बाबा चटकन म्हणाले, "पाच."

इतके दिवस तीन, फार तर चार. आणि आता विचारही न करता पाच. अर्धे सरांचे पाच! म्हणजे आजार पुढे सरकला, नवीन हाड धरलं, झालं. मी सात लिहिले. गुरुवारीही तेच. शुक्रवारी फोनवर सिस्टरने मात्रा निम्म्याने वाढवायला सांगितली. शनिवार-रविवार बाबा चार म्हणाले. मी सहा लिहिले. सोमवारी आणखी वाढ.

मंगळवारी ते पुष्कळ झोपले. मला बरंच वाटलं. इतक्या महिन्यांची झोप बाकी होती, काढू देत. झोपेत त्यांचे हात मध्येच उडायचे, कुणी ढोसल्यासारखे. मी ते पांघरुणाखाली नीट ठेवले. मी किती मूर्ख असू शकते याला काही मर्यादा नव्हती त्या आठवड्यात.

बुधवारी दुकानाला सुट्टी असते. दुपारी मी त्यांना सूप भरवत होते. ते एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगत होते. "तो उठला आणि फळ्यापाशी जाऊन मला म्हणतो..." एवढं बोलून ते थांबले. मी हसायच्या तयारीत होते. बघते तर डोळे मिटलेले, चमचा तसाच ओठांपाशी. "बाबा?" "अं," ते म्हणाले आणि पुन्हा गेले.

तीन वाजता चहा घेऊन गेले तेव्हा हाक मारली. डोळे अर्धवट उघडले, माझ्याकडे न बघता मिटले. खांदा हलवला. ओठांचा रंग मला आवडला नाही. मी मनगटावरचं घड्याळ वर धरलं आणि मोजायला लागले.

सात.

माझं चुकलं असणार. एखादा सुटला असणार. पुन्हा मोजले. एका श्वासानंतर दुसरा यायला इतका वेळ लागत होता की मधे मी त्यांच्या छातीवर हात ठेवून वाकून बघत होते, वर ये, वर ये, असं पुटपुटत. सहा.

हिरवा नंबर मला तोंडपाठ होता, तरी दोनदा चुकला. पलीकडे आमचीच सिस्टर होती.

"सिस्टर, बाबा उठत नाहीयेत. श्वास सहा झालेत."

"बोटं, ओठ निळे दिसतायत?"

"ओठ... थोडे."

"फोन स्पीकरवर ठेवा, बंद करू नका. मी इथून ॲम्ब्युलन्स पाठवतेय." तिने कुणालातरी आमचा पत्ता सांगितलेला ऐकू आला. मग ती परत आली. "वही जवळ आहे? शेवटच्या तीन दिवसांचे आकडे वाचा."

मी वाचले. सहा, सहा, पाच. सहा, सहा, सहा. आजचे सकाळचे पाच. सकाळी बाबा 'तीन' म्हणाले होते, तेसुद्धा डोळे मिटूनच.

"ताई, हे जुळत नाही. इतकं दुखणारा माणूस या मात्रेवर असा झोपत नाही. मग किडनीचं काहीतरी बिघडलं असेल, नाहीतर डोक्यात काही झालं असेल. गाडीतल्या लोकांना मला नक्की सांगावं लागेल, त्यावर पुढचं इंजेक्शन ठरणार. हे आकडे सरांनीच सांगितलेत ना?"

ती ओळ, तिच्याखालची पेनने मारलेली रेघ, दादाचं 'प्रयोग', अकरा महिने पेशंटचं नाव विचारणारी ती बाई, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. खरं सांगितलं की नंबर गेला, सिस्टर गेली, आणि या बिछान्याशी पुन्हा मी एकटी. हा विचार मी केला, आणि वडील समोर निळे पडत असताना केला. ते मला विसरता येणार नाही. विचाराला किती वेळ लागला ते सांगता येत नाही, पण त्यात बाबांचा एक श्वास यायचा होता आणि तो आला नाही.

"मी मिळवलेत," मी ओरडले. "दोन. दर वेळी दोन जास्त लिहिलेत मी. ते चार म्हणाले की मी सहा लिहायचे. सिस्टर, ते श्वास घेत नाहीयेत!"

"ऐका." तिचा आवाज चढला नाही, हे मी मरेपर्यंत लक्षात ठेवीन. "त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगा, श्वास घ्या म्हणून. ते ऐकतील. शरीर विसरतंय, तुम्ही आठवण करून द्यायची."

"बाबा, श्वास घ्या!"

त्यांनी घेतला. अगदी गुणी मुलासारखा.

"पुन्हा सांगा. थांबू नका."

"बाबा, श्वास घ्या."

घेतला.

चौदा मिनिटं. सिस्टर फोनवरून मला सांगत होती, मी बाबांना सांगत होते आणि बाबा ऐकत होते. आयुष्यात त्यांनी माझं इतकं कधी ऐकलं नव्हतं. एकदा मला ठसका लागला आणि मी पाच-सहा सेकंद बोलू शकले नाही, तर छाती तशीच राहिली, वर नाही, खाली नाही. मी त्यांच्या गालावर चापट मारली आणि किंचाळले, तेव्हा हवा आत गेली. काकू माझा आवाज ऐकून धावत आल्या, एक नजर टाकली आणि काही न विचारता गाडीला रस्ता दाखवायला खाली पळाल्या. सत्तरीची बाई, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली म्हणे.

गाडीतून दोघं जण आले. एकाने तोंडावर मास्क धरला, दुसऱ्याने पापणी वर करून टॉर्च मारला. बाबांच्या बुबुळांमधला काळा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा झाला होता. "सिस्टरनी कळवलंय आम्हाला," तो सुई भरत म्हणाला. "उतारा देतो. पण एकदम नाही द्यायचा. एकदम दिला तर औषधाचा सगळा परिणाम जाईल आणि दुखणं एका झटक्यात अंगावर येईल. थोडं थोडं देऊ."

पहिल्या वेळेला काही झालं नाही. दुसऱ्या वेळेला श्वास नऊ झाले. तिसऱ्या वेळेला बाबांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं, आणि मग थोडं थोडं दिलेलं असूनही ते दुखणं आलं. बाबांच्या तोंडून एक आवाज निघाला. मी तसा आवाज कुठल्याच माणसाचा ऐकला नव्हता, त्यांचा तर नाहीच. आणि मला आनंद झाला. ओरडतायत म्हणजे जिवंत आहेत. त्या आनंदाची मला इतकी लाज वाटली की गाडीत बसल्यावर त्यांच्याकडे बघवेना.

हॉस्पिटलात त्यांना वॉर्डात ठेवलं. उताऱ्याचा परिणाम औषधाच्या आधी संपतो, त्यामुळे काही तास लक्ष ठेवायला लागतं. बोटाला चिमटा, शेजारी एक यंत्र, त्यावर श्वासांचा आकडा. आता मोजायला मी नको होते, तरी मी मोजत होते.

पाचच्या सुमाराला सिस्टर खाली आली. मी तिला इतके दिवस फोनवरच जास्त ऐकलं होतं. आज समोर नीट बघितली तर माझ्यापेक्षा लहान, केस विस्कटलेले. ती माझ्या बाजूच्या बाकावर बसली.

"कधीपासून मिळवत होतात?"

"पहिल्या दिवसापासून."

तिने डोळे मिटून घेतले. "ताई, मला पहिल्याच आठवड्यात शंका आली होती की सर कमी सांगतायत, हाडांचं दुखणं सहसा पाच-सहावर थांबत नाही. म्हणून तर मी घरी आले मंगळवारी. तासभर समजावलं त्यांना. म्हटलं, सर, हा पेपर तपासायचा नाहीये, यात कुणी पास-नापास नाही, जेवढं आहे तेवढं सांगा. त्यांनी कबूल केलं. हसले. म्हणाले, उद्यापासून पूर्ण मार्क देतो."

मी मनात दिवस मोजले. मंगळवारनंतर बुधवार, आणि बुधवारी पाच.

"दुसऱ्या दिवशी तुम्ही सात वाचलेत. मला काय वाटलं माहितीय? मला वाटलं, चला, सर खरं बोलायला लागले. मी खूश झाले होते हो."

म्हणजे बाबांनी आपली चूक सुधारली होती आणि मी त्यावर परत सुधारत बसले होते. त्यांचे पाच खरे होते. चार तर बरं वाटल्याचे होते. औषध लागू पडलं होतं, माणूस जरा सुखात आला होता, आणि मी त्याच्या सुखात दोन-दोन मिळवून त्याला पार मरणाच्या दारापर्यंत नेऊन ठेवलं.

मग अभ्यासाच्या डॉक्टर मॅडम आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की वहीची सगळी पानं बाद होतील, बाबा अभ्यासातून बाहेर, आणि झालेल्या प्रकाराचा अहवाल अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीकडे जाईल. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते.

"आणि फोन?" मी विचारलं.

"कसला फोन?"

"तो हिरवा नंबर. तो पण आजपासून..."

"तो कशाला बंद होईल?" त्यांना खरंच कळलं नाही. "तो आमच्या वॉर्डाचा नंबर आहे. अभ्यासात असो नसो, आमच्या सगळ्याच पेशंटना असतो. अभ्यास संपला म्हणून आम्ही माणूस सोडत नाही."

मला हसू आलं. बाई वेड्यासारखी हसतेय हे बघून मॅडम सिस्टरला म्हणाल्या, हिला पाणी दे.

दादाचा फोन आला. काकूंनी कळवलं असणार. "मी म्हटलंच होतं!" तो सुरू झाला. "एकेकाला सोडणार नाही मी. चूक कुणाची? नाव सांग फक्त."

"माझी."

"तू मध्ये पडू नकोस, कुणालाही पाठीशी घालू नकोस. नाव सांग."

"दादा, माझी आहे चूक." मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी उद्या सकाळी निघतो." त्याने मला बोल लावला नाही आणि त्याचंच मला रडू आलं.

सहाला बाबांनी हाक मारली. आवाज खोल गेलेला, पण माझ्याच नावाने. मी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी विचारायच्या आत सांगून टाकलं. वही, दोन, मंगळवार, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते. कपाळावर घाम होता. मी बोलणं संपवलं आणि पूर्वी पेपर हातात मिळायच्या आधी बसायचे तशी बसून राहिले.

"दर वेळी दोन?" त्यांनी विचारलं.

"हो."

"का?"

"तुम्ही कमी सांगताय असं वाटलं. तुमची सवयच ती. कापायची. मला वाटलं, मी आपले ग्रेस मार्क देते."

"सवय नव्हती ती."

"मग तीन का म्हणायचात? उशी चावत होतात तुम्ही. मी बघत होते."

बाबांनी डोळे उघडले. बोलावं की नाही असं त्यांचं चाललं होतं.

"मोठा आकडा तोंडातून गेला की तो खरा होईल असं वाटायचं," ते म्हणाले. "सात म्हटलं की सात झालं. मग आठ येणार. मग नऊ. त्याच्यापुढे दहापर्यंत मग घरंच किती राहतात?" ते थांबले. श्वास घेतला, स्वतःचा स्वतः. "घाबरलो होतो गं मी."

हा शब्द मी बाबांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. आई गेली तेव्हा नाही, कॅन्सर निघाला तेव्हा नाही. मी माझ्या बापाला इतकी वर्षं कडक समजत आले, आणि त्या तीनमध्ये कडकपणा मुळीच नव्हता. नुसती भीती होती. डोळे तपासते म्हणे मी.

"मी पण घाबरले होते," मी म्हटलं. "रोज घाबरत होते, बाबा."

"माहितीय. दारात उभी राहून श्वास मोजायचीस तेव्हा ओठ हलायचे तुझे."

सिस्टर आली. हातात वॉर्डाचा साधा कागद होता, पेन तिच्या स्वतःच्या हातात. डॉक्टरांनी अगदी थोडं औषध द्यायची परवानगी लिहून ठेवली होती, पण आधी विचारायचं होतं.

"सर, आत्ता किती?"

मी तोंड घट्ट मिटलं. चेहराही हलू दिला नाही, हात मांडीखाली दाबून धरले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग पांघरुणातून हात काढून पुढे केला, तेव्हा मला माझा काढावाच लागला. त्यांनी माझी दोन बोटं धरली. पकड इतकी जोरात होती की नखं रुतली.

"आठ," बाबा म्हणाले.

सिस्टरने लिहिलं. बाबा अजून माझ्याकडेच बघत होते. चाळीस वर्षं पोरांचे पेपर तपासलेला तो माणूस, पहिलीतलं पोर विचारतं तसं, अगदी हळू मला म्हणाला, "आठ म्हणजे खूप असतं का गं?"

"हो, बाबा," मी म्हटलं. "खूप असतं."